शिंका थांबवायचा ६४०० चा कोर्स, माझ्यासारखे फसू नका

मला दरवर्षी पोळा-मारबतच्या सुमारास शिंका सुरू होतात (मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात निघते ती पुतळ्यांची मिरवणूक, रोगराई घेऊन जा म्हणत). सकाळी उठलं की सलग पंधरा-वीस, नाक गळतं, डोळे खाजतात. आमच्या बेसाकडच्या लेआउटमध्ये अर्धे प्लॉट रिकामे आणि सगळीकडे कमरेएवढं गाजरगवत, मग काय होणार. सेटिरिझिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, घेतली की ऑफिसात डुलक्या. तर मागच्या वर्षी एका ओळखीच्यानं बर्डीवरच्या एका न्यूट्रिशनवाल्याकडे नेलं.

तिथं हातात एक धातूची दांडी दिली, वायर लॅपटॉपला, आणि मिनिटाभरात तीसेक पानांचा रिपोर्ट! रक्त नाही, काही नाही. व्हिटॅमिन सी कमी, डी कमी, झिंक कमी, लिव्हरपण वीक. म्हणे भाऊ, तुमची इम्युनिटीच कमी आहे म्हणून ॲलर्जी, ३ महिन्यांचा कोर्स करा, मुळापासून जाईल. ६४०० रुपये, साध्या चिठ्ठीवर. पक्कं बिल मागायचं सुचलंच नाही बे.

ऑक्टोबरभर शिंका येतच राहिल्या, फोन केला तर म्हणे टॉक्सिन बाहेर पडून राहिले, चांगलं लक्षण आहे. आणि डिसेंबरात खरंच थांबल्या! मी इतका खूश की साळ्यालापण तिथंच पाठवलं. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, थंडी पडली की दरवर्षी थांबतातच ना तुमच्या." सप्टेंबरात सुरू करून ३ महिने, म्हणजे सीझन संपेपर्यंतच कोर्स. डोक्यात उजेड पडला तो तेव्हा.

मग बाटली नीट वाचली. एका गोळीत व्हिटॅमिन सी ४० मिलीग्रॅम, एका पेरूत याच्या कितीतरी पट असतं. आणि बारीक अक्षरात 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. म्हणजे त्यांनीच छापलंय की हे औषध नाही, आणि तोंडानं ॲलर्जी मुळापासून! साळ्यासोबत परत गेलो, माझंच नाव सांगितलं पण वय साळ्याचं टाकायला लावलं, दांडी मीच धरली, तर रिपोर्ट वेगळा, लिव्हर एकदम फर्स्टक्लास. पैसे मागितले तर म्हणे सील तोडलंय ना.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवलं. ते हसले, म्हणे ॲलर्जी म्हणजे इम्युनिटी कमी नाही, ती साध्या परागकणाला शत्रू समजून उगाच लढून राहिली, तिला अजून ताकद कायले देता? नाकात मारायचा स्प्रे दिला, सीझनच्या थोडं आधीपासून रोज मारायचा, त्रास झाल्यावर एखाद्या दिवशी मारून उपयोग नाही. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी खरंच कमी निघालं, त्याची गोळी दिली, पण त्यानं शिंका थांबतील अशी आशा ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइन नंबरवर तक्रार केली आहे, पण बिलच नाही, त्यामुळे अडकून पडली आहे.

यंदा मारबतच्या दिवशी सकाळीच त्या न्यूट्रिशनवाल्याचा मेसेज, 'सर, या सीझनचा कोर्स बुक करायचा का, १० टक्के ऑफ आहे.' मी उलट लिहिलं, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. निळी टिक आली, उत्तर नाही.