रिपीटर, मेश की सरळ केबल? बेळगावकडच्या लांबट घरांसाठी

शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या गल्ल्यांतलं घर म्हणजे आगगाडीचा डबा. पुढं सोपा, मग माजघर, त्यामागं स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परडं. इंटरनेटची तार खांबावरून येते ती सोप्यात, म्हणून राउटरही तिथंच, बहुतेक वेळा लोखंडी कपाटाच्या डोक्यावर. आणि निवांत बसून काम करायचं, मुलांनी क्लास ऐकायचा, तर माणूस जातो मागच्या खोलीत. मधे जांभ्या दगडाच्या दीड-दोन फुटी भिंती. तिथं वाय-फाय पोचत नाही, आणि घरोघरी एकच प्रश्न पडतो: रिपीटर (राउटरचा सिग्नल झेलून पुढं फेकणारं यंत्र) आणू, मेश (मिळून एकच वाय-फाय पसरवणारी दोन-तीन यंत्रं) घेऊ, की केबल ओढू?

माझं मत आधीच सांगतो. केबल ओढता येत असेल तर केबलच ओढावी. पण त्याआधी एक तपासणी आहे, ती न करता पैसे घालवलेली माणसं मी फार बघितली आहेत.

बिघाड बाहेरच्या लाइनचा आहे की घरातल्या वाय-फायचा, हे आधी ठरवा. फायबरच्या डब्यावर लॉस नावाचा दिवा लाल झाला असेल तर लाइनच गेलेली आहे, कंपनीला फोन करा. दिवे ठीक असतील तर कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा. त्यात डिफॉल्ट गेटवे म्हणून आकडा दिसतो, तो राउटरचा पत्ता, बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१. त्या पत्त्याला सतत पिंग (ping -t) लावून ठेवा, म्हणजे कॉम्प्युटर राउटरला हाका मारत राहतो आणि उत्तर किती वेळात आलं ते दाखवतो, आणि लॅपटॉप हातात घेऊन घरभर फिरा. हे पिंग घराबाहेर जातच नाही, त्यामुळं ते सुरळीत असेल आणि तरीही नेट रखडत असेल तर दोष बाहेरचा. मग हजारो रुपयांची यंत्रं आणूनही काही बदलणार नाही.

मावशीच्या घरी हेच केलं. तिनं नवा लॅपटॉप घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. "जुना झालाय की रे, नेट धरत न्हाई," म्हणाली. "थांब की मावशी जरा," म्हणून मी पिंग लावलं. सोप्यात तीन मिलिसेकंद, चार, तीन. माजघराच्या उंबऱ्यावर वीस-पंचवीस. स्वयंपाकघरात दीडशे-दोनशे, आणि मधेमधे उत्तरच नाही. तेवढ्यात मामेबहिणीनं मायक्रोवेव्ह लावला आणि ओळीनं सात-आठ पिंग गळाले. मायक्रोवेव्ह आणि वाय-फायचा जुना पट्टा दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणून हे होतं. लॅपटॉप निर्दोष होता. फायबरच्या डब्यापासून लॅन केबल घेऊन राउटर कपाटावरून माजघराच्या चौकटीवर आणला, आणि मागच्या खोलीत आकडे पाच ते पंधराच्या मधे आले. खर्च एका केबलचा.

म्हणून पहिला उपाय जागा बदलण्याचा. राउटर छातीपेक्षा उंच, मोकळ्यावर, घराच्या मध्याजवळ ठेवावा. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, फ्रीज यांच्या आड नको. फायबरची पिवळी वायर स्वतः ओढून वाकवू नका, ती आतून काचेची असते. पुढं न्यायची ती लॅन केबल. गल्लीत घराला घर चिकटलेलं असतं, शेजारच्या दहा राउटरांची नावं फोनवर दिसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरायचे, १, ६ आणि ११. फोनवरच्या एखाद्या वाय-फाय ॲनालायझर ॲपनं कुठला मोकळा आहे ते बघा, राउटरमध्ये तो ठरवून द्या आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, गर्दी कमी, पण जांभ्याची एक भिंतसुद्धा त्याला जड जाते. पावसाळ्यात भिंतींनी ओल धरली की दोन्ही पट्टे आणखी क्षीण होतात. मे महिन्यात चाललेलं जुलैत चाललं नाही तर गोंधळून जाऊ नका.

टेबलाखाली जुना डेस्कटॉप असेल आणि त्याच्या पाठीमागं वाय-फायचा यूएसबी डोंगल खोचलेला असेल, तर तो पत्र्याच्या डब्याआड बसलेला असतो. हातभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून डोंगल टेबलावर आणा. निळ्या यूएसबी पोर्टमधली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते, म्हणून डोंगल तिच्यापासून लांब ठेवा. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाला वीज वाचवण्यासाठी झोपवायची जी खूण असते, ती काढून टाका. थोडा वेळ काम थांबलं की नेट तुटतं, ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यानं मिटते.

एवढं करूनही मागची खोली कोरडीच राहिली तर खरेदीचा विचार.

रिपीटर स्वस्त, साधारण हजार-दोन हजारांत मिळतो, प्लगमध्ये खोचला की झालं. मोह होतोच, मलाही झाला होता. मी तो मागच्या खोलीतच लावला, जिथं सिग्नल आधीच मेलेला होता. फोनवर वाय-फायच्या रेषा पूर्ण भरलेल्या दिसायच्या आणि पान उघडायचं नाही. त्या रेषा फोन आणि रिपीटरमधल्या होत्या. रिपीटर आणि राउटरमधला धागा तुटायला आलेला, तो फोनवर दिसतच नाही. रिपीटर अर्ध्या वाटेवर लावायचा, जिथं सिग्नल अजून चांगला आहे तिथं. तरीही एकाच रेडिओवर ऐकणं आणि बोलणं दोन्ही करणारा रिपीटर वेग साधारण निम्म्यावर आणतो. पेन्शन, बातम्या, व्हॉट्सॲप एवढंच काम असेल तर चालतो. दोन मुलं एका वेळी व्हिडिओ क्लासला बसणार असतील तर घेऊ नका.

दुसरा राउटर आणि केबल हा जोड मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. घरात जुना राउटर पडलेला असतोच, तोसुद्धा चालतो. लॅन केबल कॅट ६ जातीची, नसेल तर कॅट ५ ई, दोन्ही १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग नेतात, आणि आपल्याकडचं सगळ्यात लांब घरही त्याच्या निम्मं नसतं. केबल शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही बाजारात असते, ती लांब अंतराला दगा देते.

या जोडात चूक होते ती सेटिंगमध्ये. दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट घ्यायच्या भोकात) केबल लावली की तो घरात दुसरं वेगळं नेटवर्क उभं करतो. नेट चालतं, पण सोप्यातला प्रिंटर मागच्या कॉम्प्युटरला दिसत नाही, आणि माणूस प्रिंटर दुरुस्तीला नेतो. त्याऐवजी दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो नुसतं वाय-फाय पसरवतो. ती सोय नसेल तर त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल लॅन पोर्टमध्ये लावा. पत्ते वाटणारा घरात एकच असावा. दोघं वाटायला लागले की कुणाला नेट मिळतं, कुणाला नाही. कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आलेला दिसला, तर त्याला कुणीच पत्ता दिलेला नाही एवढं ओळखा.

मेश म्हणजे एकाच नावाखाली चालणारे दोन-तीन जोडीदार, जोडी साधारण पाच हजारांपासून पुढं. फिरताफिरता फोन जवळच्या केंद्रावर सरकतो, हे सुख रिपीटरमध्ये नाही. तिथं फोन जुन्या क्षीण सिग्नलला चिकटून राहतो. टिळकवाडीतल्या स्लॅबच्या दुमजली घरात, जिन्याची जागा मोकळी असेल तर, मेश छान बसतो. पण जांभ्याच्या तीन भिंती मधे असतील तर मेशही शेवटी हवेतूनच बोलतो. त्यालाही मागून केबल द्या, मग त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

विजेच्या तारेतून नेट नेणारे अडॅप्टर मी सुचवत नाही. जुनं वायरिंग, वेगवेगळे फेज, इन्व्हर्टरची वेगळी लाइन, आणि खासबागेत, वडगावात भिंतीपलीकडं यंत्रमागांच्या मोटरी. चाललं तर नशीब.

लाइट जाण्याचा हिशेबही आत्ताच धरा. राउटरला मिनी यूपीएस लावला आणि मागचा रिपीटर किंवा मेशचा जोडीदार तसाच ठेवला, तर लाइट गेल्यावर मागची खोली अंधारातच. यूपीएस घेताना राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते वाचून घ्या.

खानापूरकडं घर एकीकडं आणि गोठा किंवा भावाचं घर दुसरीकडं असेल, तर अंगणातून तांब्याची केबल टाकू नका. वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा अशी केबल दोन्हीकडची यंत्रं जाळू शकते. तिथं दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (लॅन केबल आणि फायबर जोडणारे डबे) लावून फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही. फक्त आत लोखंडी तार नसलेलं फायबर मागा.

भाड्याच्या खोलीत खिळाही मारता येत नसेल, तर रिपीटर अर्ध्या वाटेवर. स्वतःचं कौलारू घर असेल, तर आधी सुतळी घेऊन सोप्यापासून माळ्यावरून मागच्या खोलीपर्यंत अंतर मोजा, दोन-तीन मीटर जादा धरा. मिरगाच्या आधी कौलं परतायला माणसं वर चढतात, त्याच दिवशी त्यांच्याकडून पाइपातून केबल सारून घ्या. टोकांना जोड बसवायचं काम मग खाली बसून सावकाश करता येतं.