स्टील टो गमबूट, ४ नंबर : टेकडीवर १४ महिने वापरून झाल्यावर

हा रिव्ह्यू गमबुटांचा आहे, म्हणजे ते काळे पीव्हीसीचे, गुडघ्याच्या चार बोटं खाली येणारे, पुढे बोटांवर आतून लोखंडी टोपी असलेले. आम्ही पुण्याजवळच्या एका टेकडीवर घाणेरी (लँटाना, बाहेरून येऊन रानभर पसरलेलं काटेरी झुडूप) काढून तिथे देशी झाडं लावायचं काम करतो. शनिवार-रविवारी व्हॉलंटियर येतात, फोटो वगैरे होतात, पण आठवडाभराचं खरं काम खालच्या वस्तीतल्या बारा बायका करतात रोजंदारीवर, आणि हे बूट त्यांच्यासाठी घेतले म्हणून हा रिव्ह्यू त्यांच्या पायांवरून लिहितेय, माझ्या नाही.

आधी काम काय आहे ते कळलं पाहिजे नाहीतर एवढे जड बूट कशाला असं वाटेल. घाणेरी नुसती वरून कोयत्याने छाटली की पाऊस पडल्यावर दुप्पट फुटते. म्हणून आम्ही दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी दिलेली पद्धत वापरतो, कुदळीने मातीच्या दोन-तीन बोटं खाली मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे ते परत रुजत नाही. पद्धत उत्तम आहे, झुडूप खरंच मरतं, पण ती करताना बाई झुडपाच्या बुडाशी वाकलेली असते, कुदळीचं टोक स्वतःच्या पायापासून वीतभर अंतरावर पडतं, आणि खाली मुरूम असला की कुदळ सटकते. त्यात घाणेरीच्या जाळीत उंदीर असतात आणि उंदीर असले की साप असतो. म्हणजे कुदळ, काटा आणि साप, तिघंही गुडघ्याच्या खालीच.

पहिली दोन वर्षं सगळ्या जणी स्लिपरवर यायच्या. अंगात नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जुना फुल शर्ट साडीवरून, डोक्याला टॉवेल, आणि पायात दोन पट्ट्यांची स्लिपर. एका मावशींच्या अंगठ्यावर कुदळ आली आणि अख्खं नख गेलं, आठ दिवस घरी बसल्या, आणि दुसऱ्या एकींच्या टाचेत काटा मोडून राहिला त्याचं कुरूप झालं. टिटॅनसची इंजेक्शनं आम्ही सगळ्यांना दिली होती पण इंजेक्शनने अंगठा वाचत नाही ना. मनरेगाच्या कायद्यात कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार पेटी हे लिहिलेलं होतं, आम्हीही तेवढंच करून आपण नीट काळजी घेतोय असं समजत होतो. ती चूक होती, माझीच.

मग बोहरी आळीत गेले. पुण्यातल्यांना सांगायला नको, कुदळ-फावड्यापासून दोरखंडापर्यंत सगळं तिथे मिळतं. पहिल्या तीन दुकानांत एकच उत्तर, "ताई लेडीज साईज येत नाही, ६ नंबरपासून पुढे आहे." एकाने तर सांगितलं की ६ घ्या आणि पुढे कापूस कोंबा. आमच्या बारा जणींपैकी सात जणींचा पाय ४ आणि चौघींचा ५, एकींचा ३. सैल गमबूट किती वाईट असतो हे उतारावर चालल्याशिवाय कळत नाही, आत पाय पुढे घसरतो, टाच वर येते, पाऊल मुरगळतं, आणि दुसऱ्या दिवशी ती बाई निमूटपणे परत स्लिपरवर येते. तिला दोष देण्यात काही अर्थ नाही.

चौथ्या दुकानातले भाई मात्र वेगळे निघाले. त्यांनी आधी विचारलं काम काय, जमीन कशी, दिवसभर घालणार का थोडा वेळ. मी साधे गमबूट मागत होते, ३८० रुपयांचे, ते म्हणाले कुदळीचं काम असेल तर साधा नका घेऊ, स्टील टो घ्या. मग होलसेलवाल्याला माझ्यासमोर फोन लावला आणि सांगितलं की ४ आणि ५ नंबर निघतात, पण १२ जोड एकदम घ्यावे लागतील आणि पंधरा दिवस लागतील. ९४० रुपये जोडी, बाराचे ११,२८० झाले, त्यांनी १०,८०० घेतले. बरोबर सतराव्या दिवशी फोन आला. अजून एक, त्यांनी बुटावरचा छापलेला आयएस १२२५४ हा नंबर बोट ठेवून दाखवला, पीव्हीसीच्या औद्योगिक बुटांचं ते भारतीय मानक आहे, घेताना तो नंबर बघाच, रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त जोडीवर तो नसतो आणि ते दोन महिन्यात घोट्यापाशी चिरतात. दुकानाला माझ्याकडून पाचपैकी पाच.

आता बूट. पहिला आठवडा वाईट गेला. एक गोष्ट मला सुचलीच नव्हती, जोडवी! लोखंडी टोपीखाली जागा ठराविक असते, त्यात जोडवी घातलेलं बोट दाबलं जातं आणि चालताना शेजारच्या बोटात रुततं. तिसऱ्या दिवशी एका मावशींनी बूट काढून पाय दाखवला तर दोन बोटांच्या मधे कातडी सोलून लाल झालेली आणि तरी त्या काम करत होत्या, बोलल्या नव्हत्या. जोडवी काढा असं मी सांगणार नव्हते आणि त्यांनी काढलीही नसती. शेवटी जाड सुती मोजे घेतले, जोडव्याच्या बोटाला आधी सुती पट्टी गुंडाळायची आणि मग मोजा, आणि तिघींना एक नंबर मोठा बूट बदलून दिला (भाईंनी वापरलेले असूनही बदलून दिले, हे पण लिहिलंच पाहिजे). त्यानंतर तक्रार आली नाही.

दुसरं म्हणजे घाम. एप्रिल-मे मध्ये हे बूट दुपारी १२ नंतर घालणं म्हणजे पाय उकडून काढणं आहे, पीव्हीसी श्वास घेत नाही, मोजे पिळले तर पाणी निघतं. चिखल्या झाल्या दोघींना. म्हणून आता प्रत्येकीला मोज्याचे दोन जोड, मधल्या सुट्टीत बूट काढून पाय पुसून सावलीत बसायचं, आणि उन्हाळ्यात काम सकाळी ६ ते ११ एवढंच. वेळ बदलायला लागली हे बुटाचं कारण झालं पण खरं तर ती आधीच बदलायला हवी होती, उन्हात कुदळ मारून चक्कर येणं काही नवीन नव्हतं. बुटाची वरची कडा पोटरीला घासते, तिथे मोजा वर ओढून कडेवर दुमडला की थांबतं. ओल्या मुरमावर पकड चांगली, पण वाळलेल्या गवतावर उताराला घसरतो, तिथे अर्धा गुण मी कापते.

आणि आता ते, ज्यामुळे मी हे लिहायला बसले.

डिसेंबर, सकाळचे नऊ-साडेनऊ. थंडीत घोणशींचा मिलनाचा काळ असतो, त्या जास्त फिरतात, हे आम्ही सगळ्यांना सांगितलेलं होतं. आदल्या दिवशी काढून ठेवलेल्या घाणेरीचा ढीग एक मावशी हलवत होत्या, तर कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज आला आणि त्या ओरडल्या "बुटावर काठी बसली कुणाची!" काठी नव्हती. साप मागे सरकून दगडांच्या बांधाकडे निघून गेला, अंगावर ती साखळीसारखी तपकिरी नक्षी स्पष्ट दिसली, घोणसच. मी मावशींना दगडावर बसवलं. उजव्या बुटावर घोट्याच्या चार बोटं वर दोन ओले ओघळ होते, पिवळसर, एकाला गवताचा कचरा चिकटलेला. तिथे स्लिपर असती तर ती जागा उघडी नडगी होती. बूट फडक्याने धरून काढला, मोजा काढला, मोबाईलच्या टॉर्चने पाय बघितला, एक ओरखडा नाही.

तरी १०८ ला फोन केला आणि ग्रामीण रुग्णालयात नेलं. घट्ट बांधायचं नाही, चिरायचं नाही, चालवत न्यायचं नाही, एवढं तिघींना पाठ होतं, त्यांनी मावशींना पाय न हलवता उचलून खाली आणलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटं तसंच ठेवलं, घोणशीचं विष चढलं असेल तर रक्त गोठत नाही म्हणून ही साधी तपासणी करतात. आम्ही त्या नळीकडे बघत बसलो होतो. डॉक्टरांनी नळी आडवी केली, रक्त हललं नाही, गोठलेलं. रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं.

हे वाचून कुणी गमबूट घातला की साप चावत नाही असं समजू नका. घोणशीचे दात लांब असतात, पातळ किंवा जुना झालेला बूट भेदू शकतो, आणि आमच्या खोक्यावर सापाबद्दल काहीही लिहिलेलं नव्हतं. हात उघडे असतात, बसलं की मांडी खाली येते. पण बहुतेक दंश पायाच्या खालच्या भागाला होतात, आणि २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात-रानात राबणारी. त्यातल्या किती जणांच्या पायात काही होतं हा विचार मला त्या रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर बसून सारखा येत होता.

हातमोज्यांचं थोडक्यात. सुती हातमोजे घाणेरीला बिनकामाचे, काटे आरपार जातात. वेल्डिंगचे चामडी मोजे इतके ताठ की कुदळीवर मूठ बसत नाही, आणि मूठ सैल असली की कुदळ सटकते. तळव्याला चामडं आणि वरून कापड असलेले मिळतात, ते बरे, पण त्यातही लहान साईज शोधायला लागते.

बूट ठेवायची पद्धत पण सांगते कारण त्याने फरक पडतो. संध्याकाळी धुवून काठ्यांवर उलटे टांगायचे, सावलीत. उन्हात ठेवले की पीव्हीसी कडक होतं. सकाळी घालायच्या आधी उलटा करून दोनदा आपटायचा, आमच्याकडे दगडी बांधाचं काम चालू असताना एकदा आतून विंचू पडलाय. लाल विंचवाची तर मस्करी नको, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करेपर्यंत कोकणात त्याने माणसं जायची. आणि बूट एकमेकींचे घालायचे नाहीत, चिखल्या पसरतात. त्यासाठी ऑइल पेंटने खुणा केल्यात, सगळ्यांना नाव लिहिता येत नाही म्हणून ज्यांनी त्यांनी आपलं आपलं काढलं, एकींच्या बुटावर तुळस आहे, एकींच्या सूर्य, एकींनी शेळी काढलीय.

१४ महिन्यांनी स्थिती अशी की बारापैकी नऊ जोड धडधाकट आहेत. दोन घोट्याच्या घडीपाशी चिरले, ते बाद केले, टायरवाल्याकडून चिकटवून आणले नाहीत कारण चिरलेला बूट घालून बाई बिनधास्त होते आणि ते जास्त धोक्याचं. ज्या जोडीवर घोणस आदळली ती पण आम्ही वापरातून काढली, वरून काही दिसत नव्हतं तरी. पुढच्या वेळी पोटरीला जाड असलेले मिळतात का ते भाईंना विचारणार आहे.

एकच काम राहिलंय. ज्यांचा पाय ३ नंबरचा आहे त्या आजी, आमच्यात सगळ्यात चपळ, १४ महिने ४ नंबरच्या बुटात दोन-दोन मोजे घालून चढतायत. स्टील टो मध्ये ३ नंबर भाईंना कुठेच मिळाला नाही. कुणाला माहीत असेल कुठे मिळतो तर खाली लिहा, एक जोडी असली तरी मी स्वतः जाऊन घेऊन येते.