एव्हीसीएचडी चित्रीकरण: संकलनासाठी प्रोरेस की एच.२६४?

सोनी आणि पॅनासोनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या स्वरूपातील फाइली मुळातच एच.२६४ या पद्धतीने आकुंचित, म्हणजे कमी जागेत बसवलेल्या, असतात. त्यांत बहुतेक फ्रेम (चित्रफितीतील एकेक स्थिरचित्र) पूर्ण साठवलेल्या नसून इतर फ्रेमपासूनचा फरकच नोंदवलेला असतो, आणि म्हणूनच संकलन करताना टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमधील चित्रफितीच्या पट्टीवर) पुढे-मागे सरकले की जुना संगणक अडखळतो. फाइल ॲपलच्या प्रोरेस ४२२ या संकलनासाठीच्या स्वरूपात रूपांतरित केली, तर तिथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्याने हे काम सुरळीत होते. परंतु सेकंदाला २५ फ्रेम असलेल्या १०८०पी (फुल एचडी) चित्रीकरणाच्या एका तासाला सुमारे ५५ जीबी जागा लागते, तर मूळ फाइल २४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) दराने जेमतेम ११ जीबीची असते. रूपांतराने दर्जा वाढतो, हा समज मात्र खोटा आहे, कारण कॅमेऱ्याने टाकून दिलेला तपशील परत येत नाही.

आधी एच.२६४ एमपी४ करून मग संकलन करणे मला पटत नाही: दर्जा दोनदा घटतो आणि संगणकावरचा भार तसाच राहतो. तयार चित्रफीत नातेवाइकांना पाठवायची किंवा यूट्यूबवर चढवायची असेल, तेव्हा मात्र एमपी४च सोयीचे. संगणक पुरेसा वेगवान असल्यास मूळ फाइलच थेट संकलित करावी.