मोमेटासोनचं मलम, आठेक महिन्यांनंतर: औषध चोख, ट्यूब वैतागवाणी

मोमेटासोन ०.१ टक्का, १५ ग्रॅमची ट्यूब. हे कातडीची खाज-लाली दाबणारं स्टेरॉइडचं मलम, मला गाजर गवताच्या ॲलर्जीसाठी दिलेलं. खाज थांबते का? थांबते. तीन-चार दिवसांत मानेची आग गेली अन् रात्री धड झोप लागायला लागली. माझं भांडण मलमाशी नाही, ट्यूबशी आहे.

ॲल्युमिनियमच्या ट्यूबवर एक्सपायरी कुठं टाकावी? तर शेपटाला, जिथं पत्रा दुमडून बंद केलेला असतो तिथं. तीही शाई न लावता नुसती ठोकलेली, उन्हात तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. आमच्या घरात कुठलीही ट्यूब शेपटाकडूनच गुंडाळत आणतेत. पहिली गुंडाळी पडली की तारीख आत. खोक्यावर असते म्हणाल, तर खोका घरात दोन दिवस टिकत नाही. आता नवी ट्यूब आणली की आधी तिच्या गळ्याशी कागदाची पट्टी चिकटवतो अन् बॉलपेननं महिना-वर्ष लिहितो. टोपणाजवळ चार आकडे छापायला कंपनीच्या खिशाला काय भोक पडतं, कळत नाही.

असो. त्रास गाजर गवताचा. परभणीकडं पाऊस सरता सरता बांधावर कमरेएवढं वाढतं, वाळलं की त्याचा भुगा वाऱ्यावर उडतो. मान, दोन्ही कोपरांच्या आतली बाजू, पापण्या, म्हणजे जे उघडं राहतं ते सगळं लाल. गावात आधी खरूज ठरली, मग नायटा. शेवटी स्कीनच्या मॅडमनी पाठीवर ॲलर्जी तपासायच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवायला लावल्या, तेव्हा गवताची ॲलर्जी पक्की झाली.

मलम किती लावायचं ते मॅडमनी माझंच बोट धरून दाखवलं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहात ठेवले तर जेवढी जागा झाकते, तेवढ्या जागेला ती एक रेघ पुरते. दिवसातून एकदाच, पातळ, चोळायचं नाही. मला तेव्हा वाटलं, बाई फारच हात राखून औषध देतेत. एवढी खाज अन् एवढीशी ट्यूब! कंपनी लुटतेय, असंच म्हणत होतो. पण घरी हिशोब केला. माझी मान अन् दोन्ही कोपरं मिळून चार तळहातांची जागा, म्हणजे रोज दोन रेघा, एक ग्रॅम. १५ ग्रॅम दोन आठवडे गेलं. सलग लावायला मॅडमनी दोनच आठवडे सांगितलं होतं, म्हणजे मापून लिहिलेलं होतं. त्यानंतर दिवसाआड, मग जिथं पुन्हा पुन्हा उठतं तिथं आठवड्यातून दोनदा. कंपनी छोटी ट्यूब काढून लुटते, हे माझं म्हणणं मी मागं घेतो. तारखेचं घेत नाही.

पापणीला मात्र हे लावायचं नाही, ही ताकीद वेगळी होती. तिथली कातडी पातळ, औषध जास्त मुरतं, अन् बरेच दिवस लावलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही. तिथं टॅक्रोलिमस दिलं, ज्यात स्टेरॉइड नाही. सुरुवातीला चुरचुरतं.

उन्हाळ्यात ऑइंटमेंट, म्हणजे तेलकट मलम, नको झालं. कोरड्या, जाड झालेल्या कातडीला तेच बरं, पण मे महिन्यात मानेवर तेलकट थर अन् त्यावर रस्त्याची धूळ, सदऱ्याची कॉलर काळी. त्याच औषधाची क्रीम लिहून घेतली.

आता मेडिकलचा किस्सा. दुसऱ्या ट्यूबच्या वेळी दुकानातल्या पोरानं हातात जी दिली ती तशीच दिसणारी, तोच निळा पट्टा, फक्त नावापुढं दोन अक्षरं जास्त. "काका, तेच आहे, थोडं पावरचं. सगळे हेच नेतेत." बारीक अक्षरात वाचलं तर क्लोबेटासोल, जेंटामायसिन, मायकोनाझोल. क्लोबेटासोल सगळ्यात जहाल गटातलं. बाकीची दोन जंतूंची अन् बुरशीची औषधं, गवताच्या ॲलर्जीला त्यांचा काय उपयोग? मी चिठ्ठी काउंटरवर ठेवली अन् म्हणालो, यात लिहिलंय ते दे. मालक आला, माझ्यावरच चिडला. २०१८ साली केंद्रानं स्टेरॉइडची १४ मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूबवर लाल रेघ असते ती त्याचीच. ती दाखवली तर म्हणे, "सगळं कायद्यानं करायचं तर दुकान बंद करावं लागंल." ट्यूब बदलून दिली, वरच्या सुट्ट्या पैशांऐवजी गोड गोळ्या टेकवल्या.

एवढा ताणलो त्याला कारण आहे. माझ्या भाच्यानं संभाजीनगरला हॉस्टेलवर जांघेतल्या नायट्याला असलंच मिसळीचं मलम कित्येक महिने लावलं. लावलं की लाली बसायची, सोडलं की दुप्पट पसरायचं. स्टेरॉइडनं खाज दबते अन् बुरशी आतून वाढत राहते, नायट्याचं गोल कडंही दिसेनासं होतं, मग पाहणारा डॉक्टरही चकतो. नायटा आता गेला. मांड्यांवर बोटभर लांबीचे जांभळट चरे पडलेत, ते फिके होतील पण जाणार नाहीत म्हणाले.

खरा खर्च मलमाचा नाहीच, मॉइश्चरायझरचा आहे. ते रोज, अंघोळ झाल्याबरोबर, भरपूर लागतं. महागाची बाटली एकदा आणली, मग साध्या पेट्रोलियम जेलीवर आलो. माझ्या कातडीला फरक कळला नाही. फक्त जेली भिनलेले कपडे चटकन पेट घेतेत, तेव्हा चुलीजवळ अन् बिडी ओढताना सांभाळा.

गवत पुन्हा उगवलंय. यंदा फुलावर यायच्या आत उपटायला मजूर लावला, त्याला हातमोजे अन् पूर्ण बाह्यांचा सदरा घेऊन दिला. मजुरी ट्यूबच्या कितीतरी पट गेली. शेजारच्या बांधावरचं तसंच उभं आहे. त्याचं काय करायचं, याचा उपाय कुणाकडं असेल तर सांगा.