वीज-गॅसचं बिल आणि धर्मादाय मदत: प्रीपेमेंट मीटर, डायरेक्ट डेबिट की बिल आल्यावर भरणा? ब्रिटनमधला वापरानंतरचा अनुभव

उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही काढल्यावर आमचं मत पक्कं झालंय: मदत कोणत्या रूपात मिळणार हे कळेपर्यंत बिल भरायची पद्धत बदलू नका. इंधनाचं व्हाउचर (संस्थेने दिलेलं, मीटरमध्ये भरायच्या रकमेचं) असेल तर ते बहुतेक वेळा प्रीपेमेंट मीटरवरच, म्हणजे आधी पैसे भरून मग वापरायच्या मीटरवरच चालतं. धर्मादाय ट्रस्टचं अनुदान असेल तर पैसे हातात येत नाहीत, थेट पुरवठादाराकडच्या खात्यावर थकबाकीपोटी जमा होतात. एकाच्या जागी दुसरं चालत नाही, आणि घाईघाईत मीटर बदललेल्या घरांची मदत इथेच अडकते. (हे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरतं. उत्तर आयर्लंडची व्यवस्था निराळी आहे.)

व्हिसावर सरकारी मदतीची मनाई असलेली बरीच मराठी कुटुंबं भीतीपोटी अर्जच करत नाहीत. धर्मादाय संस्थेने स्वतःच्या निधीतून केलेली मदत 'पब्लिक फंड्स'मध्ये, म्हणजे मनाई असलेल्या सरकारी मदतीत मोडत नाही. कौन्सिलकडून (स्थानिक प्रशासनाकडून) येणाऱ्या पैशांबाबत मात्र आधी सल्लागाराला विचारा.

आता प्रीपेमेंट. 'प्रीपेमेंट म्हणजे महाग' ही समजूत जुनी झाली. एप्रिल २०२४ पासून ऑफजेमच्या (वीज-गॅस नियामकाच्या) दरमर्यादेत प्रीपेमेंट आणि डायरेक्ट डेबिट (बँक खात्यातून आपोआप पैसे कापले जाणं) यांच्या स्टँडिंग चार्जमधला (वापर नसला तरी रोज लागणाऱ्या आकारातला) फरक काढून टाकलाय. सगळ्यात महाग पडतं ते बिल आल्यावर भरणं. प्रीपेमेंटचा खरा धोका दरात नाही, टॉप-अप केल्यावर, म्हणजे मीटरमध्ये पैसे भरल्यावर, ते कोणत्या क्रमाने कापले जातात त्यात आहे.

३० पौंडांचं व्हाउचर घ्या. विजेच्या मीटरवर दोन आठवडे टॉप-अप झालेलं नाही आणि १० पौंडांचं इमर्जन्सी क्रेडिट (शिल्लक संपल्यावर मीटर देतं ती उधारी) संपलंय. जुनी थकबाकी आठवड्याला ५ पौंडांनी वसूल होते. इमर्जन्सी क्रेडिट चालू असताना बऱ्याच मीटरवर ही वसुली आणि स्टँडिंग चार्ज थांबत नाहीत, नुसते साठत जातात. म्हणजे वसुलीचे १० पौंड झाले, आणि स्टँडिंग चार्ज रोजचा ५५ पेन्स धरला तर १४ दिवसांचे ७ पौंड ७० पेन्स. इमर्जन्सीचे १० आधीच गेलेले. व्हाउचर भरल्यावर स्क्रीनवर दिसतात २ पौंड ३० पेन्स. संस्थेने मदत ३० पौंडांची केली, पण घरात दिवा लागला तो दोन पौंडांचा.

म्हणून आधी फोन आणि मग दुकान, हा क्रम सोडू नका. पुरवठादाराला सांगा की व्हाउचर आलंय, साप्ताहिक वसुली कमी करा. तुमची ऐपत बघून हप्ता ठरवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे हे मागताना संकोच करायचं कारण नाही. स्मार्ट मीटरवर हा बदल दुरून होतो. चावी किंवा कार्डाच्या जुन्या मीटरवर नवा हप्ता दुकानातल्या टॉप-अपबरोबर चावीवर चढतो आणि चावी मीटरमध्ये घातल्यावर लागू होतो. व्हाउचर आधी वापरलंत, तर ते जुन्याच हप्त्याने कापलं जातं.

गॅसचा फटका उन्हाळ्यात बसतो, फक्त तो ऑक्टोबरमध्ये कळतो. हीटिंग बंद असलं तरी गॅसचा स्टँडिंग चार्ज चालूच असतो. रोज ३० पेन्स धरले तर चार महिन्यांचे ३६ पौंड. थंडीतलं पहिलं व्हाउचर मग त्यातच जातं. उन्हाळ्यात गॅस वापरत नसलात तरी आठवड्याला दोन-अडीच पौंड भरत राहा. आणि गॅस पूर्ण बंद पडला असेल तर टॉप-अपनंतर तो बहुधा आपोआप सुरू होत नाही. सगळे बर्नर बंद आहेत का ते बघा आणि मगच मीटर सांगेल ते बटण दाबा.

व्हाउचर मेसेज, ईमेल किंवा पत्राने येतं आणि पेपॉइंट, पेझोन (दोन्ही दुकानांतल्या बिलभरणा सेवा) किंवा पोस्ट ऑफिस यांपैकी जिथलं असेल तिथेच वटतं. मुदत आधी बघा. जाताना चावी किंवा कार्ड आणि ओळखपत्र सोबत ठेवा. वीज आणि गॅसमध्ये रक्कम कशी वाटायची हे मागतानाच सांगा, कारण एका मीटरवर गेलेले पैसे दुसऱ्यावर सहजासहजी हलत नाहीत. स्मार्ट मीटरवर टॉप-अप दिसलं नाही तर पावतीवरचा २० आकडी कोड मीटरच्या बटणांनी हाताने भरता येतो, म्हणून स्क्रीनवर रक्कम दिसेपर्यंत पावती टाकू नका. नव्या घरात आधीच्या भाडेकरूची चावी तर अजिबात वापरू नका. त्याची थकबाकी तुमच्या टॉप-अपमधून कापली जाते. नवी चावी मागून घ्या.

एवढं सगळं असूनही आठवड्याने पगार येणाऱ्या, व्हाउचरचा आधार घेणाऱ्या घराला आम्ही स्मार्ट प्रीपेमेंटच सुचवू. शिल्लक मोबाइलवर दिसते, आणि रात्री, शनिवार-रविवारी किंवा सुटीच्या दिवशी शिल्लक संपली तरी पुरवठा लगेच तुटत नाही. तो वापर पुढच्या टॉप-अपमधून वळता होतो एवढंच. चावीचं जुनं मीटर असेल तर स्मार्ट मागा. घरात तान्हं मूल असेल, किंवा कुणाचं वैद्यकीय उपकरण विजेवर चालत असेल, तर मात्र प्रीपेमेंट नकोच. पुरवठादाराच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर (जास्त काळजीची गरज असलेल्या ग्राहकांच्या यादीत) नाव घाला, ते मोफत असतं.

डायरेक्ट डेबिट चांगलं आहे, पण ज्याच्या बँक खात्यात त्या तारखेला नक्की पैसे असतात त्याच्यासाठी. ठरावीक रकमेचं घ्या. प्रत्यक्ष वापराएवढं कापणारं घेतलंत तर जानेवारीचं सगळं ओझं एकाच महिन्यात येतं. सुरुवात एप्रिल-मेमध्ये केली तर उन्हाळ्यात शिल्लक साठते. ऑक्टोबरमध्ये केली तर पहिल्या थंडीतच खातं उणे होतं. चुकून जास्त कापलं गेलं तर डायरेक्ट डेबिट गॅरंटीखाली बँक पैसे परत करते.

बिल आल्यावर भरणं महाग, हे खरं. तरी मोठी थकबाकी असलेल्या आणि अनुदानाची वाट बघणाऱ्या घराला काही महिने तेच सोयीचं पडतं, कारण खातं जसंच्या तसं राहतं आणि मीटर बंद पडत नाही. पेमेंट कार्डावर आठवड्याला थोडे थोडे भरायची योजना मागता येते.

अनुदानासाठी, उदाहरणार्थ ब्रिटिश गॅस एनर्जी ट्रस्टकडे, कर्जविषयक सल्ला घेतलेला असावा लागतो. तो सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या धर्मादाय संस्थेकडे मोफत मिळतो. ताजं बिल, उत्पन्नाचा पुरावा आणि महिन्याचा जमाखर्च तयार ठेवा. निकाल येईपर्यंत पुरवठादार बदलू नका, कारण अर्ज त्या खाते क्रमांकाला बांधलेला असतो. इंग्लंड-वेल्समध्ये सल्लागारामार्फत ब्रीदिंग स्पेस (कर्जवसुलीला तात्पुरती कायदेशीर स्थगिती) घेतलं तर ६० दिवस जुन्या थकबाकीचा तगादा थांबतो. चालू वापराचे पैसे मात्र भरावेच लागतात.

अनुदान जमा झाल्यावर काम संपलं असं समजू नका. मासिक हप्त्यात थकबाकीचा वाटा धरलेला असतो आणि तो काढायला कुणाच्या लक्षात येईलच असं नाही. फोन करून रक्कम नव्याने ठरवून घ्या. चावीच्या मीटरवर थकबाकीची नोंद मीटरमध्येच असते. खात्यावर शून्य झालं तरी मीटर कापत राहतं. नवी नोंद चावीवर पाठवायला सांगा, टॉप-अप करा, चावी मीटरमध्ये घाला आणि स्क्रीनवर थकबाकीच्या जागी शून्य आलंय का ते बघा. मधल्या काळात जास्त कापलं गेलं असेल तर तारखांसह लेखी मागणी करून ते परत घ्या.