दशमांश: दर रविवारचं पाकीट की बँकेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन?

दशमांश म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चला देणं. तो एकूण पगारावर की हातात येणाऱ्या रकमेवर, हा वाद इथे नको; तो ज्याच्या त्याच्या प्रार्थनेचा विषय. इथे प्रश्न फक्त पैसे पोहोचवण्याचा आहे: दर रविवारी उपासनेत पाकिटातून द्यायचे, की ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप जावेत अशी सूचना (स्टँडिंग इन्स्ट्रक्शन) बँकेला देऊन ठेवायची?

नियमितपणात बँक सरस आहे. पगारानंतरची तारीख एकदा लावून दिली की आजारपण, लग्नसराई, बदली काहीही येवो, खंड पडत नाही. खात्यात शिल्लक नसेल तेव्हा हप्ता चुकतो, आणि तो नंतर आठवणीने भरावा लागतो. फिरतीची नोकरी असेल तर हाच मार्ग सोयीचा.

अडचण येते ती पैसे कशासाठी दिले हे सांगण्याची. बहुतेक मंडळ्यांचं खातं एकच, क्यूआरही एकच. तुम्ही शेऱ्यात ‘सेवाकार्य’, म्हणजे गरजूंच्या मदतीसाठी, असं लिहिता. तो शेरा तुमच्या फोनवर दिसतो, पण मंडळीच्या स्टेटमेंटवर बऱ्याचदा व्यवहार क्रमांक आणि अर्धवट नाव एवढंच उमटतं. महिनाअखेरीस खजिनदार अशा सगळ्या रकमा सामान्य निधीत धरतात. त्यांचाही इलाज नसतो. मग विधवांच्या किराण्यासाठी किंवा मुलांच्या फीसाठी दिलेलं दान वीजबिलात आणि रंगकामात जातं. दर महिन्याला खजिनदारांना व्यवहार क्रमांक कळवला तर हे टळतं, पण मग आपोआप जाण्याची सोय राहिली कुठे? सेवाकार्याला वेगळं खातं असेल तर माझी तक्रार मागे.

पाकिटावर निधीचं नाव छापलेलं असतं, दात्याच्या नावाऐवजी क्रमांक चालतो. उपासनेनंतर दोघांनी मिळून पाकिटं उघडावीत, क्रमांक आणि निधी पाहून वहीत नोंद करून दोघांनी सह्या कराव्यात, आणि सोमवारी भरणा करावा. एकट्याने मोजणं टाळावं. पुढचे संशय इथेच मिटतात.

घरच्या हिशेबात मात्र एक चूक हमखास होते. ३०,००० पगाराचे ३,००० चार रविवारांत वाटले की ७५० येतात, आणि पाच रविवारांच्या महिन्यात ओढाताण होते. त्यापेक्षा वर्षाचे ३६,००० भागिले ५२ करा: ६९२ येतात. ७०० धरा, त्यात ५०० सामान्य निधीला, २०० सेवाकार्याला. चुकलेल्या रविवारचं पाकीटही भरूनच ठेवावं, पुढच्या वेळी दोन्ही द्यावीत. ‘नंतर एकदम देऊ’ म्हटलेलं सहसा राहून जातं.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवायला सांगितलं (१ करिंथ १६:२), तेही यरुशलेमेतल्या गरजू बांधवांसाठी. मिझोराममधल्या घरांत प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मंडळीसाठी मूठभर तांदूळ वेगळे काढतात, त्यातही आधी बाजूला काढण्याचा हाच क्रम. शनिवारी रात्री पाकीट भरताना कुणासाठी देतोय हे मनात येतं. बँकेच्या मेसेजने ते होत नाही, निदान माझ्या बाबतीत तरी.

करसवलतीसाठी पद्धत निवडायची तर आधी दोन गोष्टी पाहा. नव्या करपद्धतीत देणगीची वजावट नाही. जुन्या पद्धतीत ती संस्थेला ८०जी मान्यता असेल तरच मिळते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही. परदेशातल्यांना अर्थात बँकच. मात्र नागरिकत्व बदललं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ते दान विदेशी धरलं जातं आणि मंडळीकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते.

दोन्ही हवं असेल तर सामान्य निधीचे पैसे बँकेतून जाऊ द्या. सेवाकार्याचे २०० मात्र पाकिटातच ठेवा.