दुसऱ्या बाळंतपणानंतर इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

धाकट्याला या आठवड्यात नऊ महिने पूर्ण झाले. पंप वापरायला लागूनही जवळजवळ तेवढेच दिवस झाले. घ्यायच्या आधी मी मराठीत खूप शोधलं होतं, पण रोजच्या वापराबद्दल कुणी सविस्तर लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. पंप डबल इलेक्ट्रिक (म्हणजे दोन्ही बाजूंना एकदम लावता येणारा), चार्जिंगवर चालणारा, साडेचार हजारांचा. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला सांगायचंय ते कुठल्याही पंपाला लागू होईल. पंप कामाचा आहे, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याच्यावर विसंबू नका. आणि बाटलीवरचा आकडा बघून आपल्याला दूध किती येतं हे तर कधीच ठरवू नका.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी. थोरलीच्या वेळी मी चिपळूणला आईकडे होते. सिझेरियन झालं, तिसऱ्या दिवशी सगळे म्हणायला लागले, हिला दूध पुरत नाही, आणि पावडरच्या दुधाचा डबा उघडला गेला. दोन महिन्यांत अंगावरचं पूर्ण सुटलं. ती सल माझ्या मनात साडेचार वर्षं होती. म्हणून या वेळी आठव्या महिन्यातच पंप मागवला आणि दवाखान्याच्या बॅगेत दुपटी-टोपडी-लंगोटांच्या मधे जपून ठेवला.

धाकटा जूनमध्ये झाला, भर पावसात. हेही सिझेरियनच. पण या वेळी तासाभराच्या आत त्याला माझ्याजवळ दिलं आणि त्याने ओढायला सुरुवातही केली. जन्माचं वजन २,९०० ग्रॅम होतं, तिसऱ्या दिवशी २,६८० भरलं. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, हे मी वाचलेलं होतं. पण काट्यावर आकडा दिसला आणि वाचलेलं सगळं विसरले. थोरलीच्या वेळचंच पुन्हा होणार असं वाटलं. पंप काढला, वीस मिनिटं लावला. बाटलीत काहीच नाही. छातीला लावायच्या फनेलच्या आत नुसता पिवळसर ओशट थर. मी रडायला लागले.

रात्रपाळीच्या सिस्टर आल्या. वयाने मोठ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, ते मशीन ठेव बाजूला. चीक आहे तो, मशीनलाच चिकटून बसतो." मग त्यांनी हाताने काढायला शिकवलं. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची आणि सोडायचं. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत. तीन-चार वेळा काहीच आलं नाही. मग एक थेंब आला, मधासारखा दाट. तो स्टीलच्या चमच्याच्या कडेला थांबला, त्याला दुसरा येऊन मिळाला. पंधरा मिनिटांत चमच्याचा तळ झाकला. सिस्टरनी तो चमचा बाळाच्या ओठाला टेकवला आणि त्याने जीभ बाहेर काढून चाटला. तो चमचा मी घरी आणलाय, अजून वापरात आहे.

त्या सिस्टर पूर्वी सायन हॉस्पिटलमध्ये होत्या. तिथे १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली ह्यूमन मिल्क बँक सुरू केली. आयांनी दिलेलं जास्तीचं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून पाश्चराइझ करतात आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, वजन कमी असलेल्या बाळांना देतात. सिस्टर म्हणाल्या, तिथे थेंब मोजायला शिकले. मी रोज लोकलने सायन स्टेशनवरून जाते तेव्हा मला त्यांची आठवण येते.

चौथ्या दिवशी कावीळ निघाली. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला कावीळ आणणारा पिवळा घटक, १७ च्या वर. बाळ दोन दिवस निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. सासूबाई म्हणत होत्या, कोवळ्या उन्हात धरूया. जूनच्या पावसात ऊन आणायचं कुठून, आणि डॉक्टरांनीही सांगितलं की ऊन हा यावरचा उपाय नाही. त्यांनी समजावलं ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं: बिलिरुबिन बाळाच्या शीतून बाहेर पडतं, म्हणजे दूध जितकं पोटात जाईल तितकी शी होईल आणि तितकी कावीळ उतरेल. दर दोन-अडीच तासांनी पाजायचं होतं, पण ते पेंगत होतं, ओढतच नव्हतं. इथे पंप पहिल्यांदा उपयोगी पडला, कारण एव्हाना दूध उतरलं होतं. मी काढायचे आणि सासूबाई बोंडल्याने पाजायच्या. ते बोंडलं त्यांनी माझ्या नवऱ्यासाठी वापरलेलं, चांदीचं. बाराव्या दिवशी वजन जन्माच्या वजनावर आलं. बारसं त्यानंतर निवांत केलं.

आता पंपाबद्दल. सगळ्यात महत्त्वाचं फनेलचं माप. खोक्यात २४ मिलिमीटरचं येतं आणि ते सगळ्यांना बसतं असं आपण धरून चालतो. मला पहिले तीन आठवडे इतकं दुखायचं की पंप हातात घेतला तरी अंगावर काटा यायचा. सासूबाई म्हणाल्या, सवय होईल. सवय होत नाही. शेवटी लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन निपलची रुंदी मोजली. बोंडाचं माप घ्यायचं, भोवतीच्या काळ्या भागाचं नाही. मला १९ चं माप लागत होतं. सिलिकॉनचा इन्सर्ट मागवला. दुखणं त्याच दिवशी गेलं, आणि आधी दोन्ही बाजूंचं मिळून ५० मिली निघायचं ते ८० वर गेलं. दुखत असेल तर ओढ वाढवू नका, आधी माप तपासा.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. पंपाला दोन मोड असतात. आधी भरभर, हलकी ओढ, कारण बाळही सुरुवातीला तसंच ओढतं. पान्हा फुटला की मग सावकाश, खोल ओढ. मी सुरुवातीला थेट दुसरा मोड लावायचे आणि वैतागायचे. आता दोन मिनिटं पहिलाच ठेवते आणि धाकट्याचं न धुतलेलं झबलं मांडीवर घेते. त्या वासाने पान्हा येतो. तरीही बाळ जितकं ओढतं तितकं मशीन ओढत नाही. ज्या दिवशी पंपातून ६० मिली निघालं, त्याच रात्री बाळ पिऊन ढेकर देऊन गाढ झोपलंय. तो आकडा मशीनचा आहे, तुमच्या दुधाचा नाही.

बाळ साडेपाच महिन्यांचं असताना मी कामावर रुजू झाले. मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले तीन आठवडे मी बाळंतपणाआधी घेतले होते. भांडुपहून स्लो लोकलने करी रोड, तिथून पुलावरून चालत लोअर परळ. ऑफिसात फर्स्ट एडच्या खोलीत दोनदा पंप करते. भरलेल्या बाटल्या बर्फाच्या पिशव्यांसह छोट्या कूलर बॅगेत. संध्याकाळच्या गर्दीत ती बॅग मी छातीशी धरून उभी राहते, आणि डब्यातल्या बायका काही न विचारता जागा करून देतात.

घरी साठवणुकीचं खातं लेकीकडे आहे. प्रत्येक पिशवीवर मी तारीख लिहिते आणि ती आजीच्या पाकिटातली टिकली लावते. या आठवड्याची लाल, पुढच्या आठवड्याची हिरवी. जुनी टिकली आधी वापरायची हे सासूबाईंना तारखेपेक्षा पटकन कळतं. बाळ झाल्यावर लेक महिनाभर माझ्यावर रुसून होती, मांडीवर यायची नाही. टिकल्यांचं काम मिळालं तशी हळूहळू जवळ आली. फ्रीजमध्ये दूध चार दिवस चालतं, डीप फ्रीजरमध्ये सहा महिन्यांपर्यंत चांगलं राहतं. बाहेर चार तास म्हणतात, पण मुंबईच्या मे महिन्यात मी तेवढंही ठेवणार नाही. गरम करताना गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवायची आणि वर आलेली साय हलक्या हाताने फिरवून मिसळायची.

एकदा सासूबाई म्हणाल्या, "अगं, याला साबणासारखा वास येतोय, नीट धुतलं नाहीस का?" बाळानेही तोंड फिरवलं. मी सात पिशव्या ओतून दिल्या, अजून वाईट वाटतं. नंतर डॉक्टरांकडून कळलं की काही जणींच्या दुधात लायपेजचा, म्हणजे दुधातल्याच स्निग्धांश पचवणाऱ्या घटकाचा, परिणाम जास्त दिसतो. त्याने साठवलेल्या दुधातला स्निग्धांश सुटतो आणि वास येतो, दूध नासलेलं नसतं. आता गोठवायच्या आधी कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवते, उकळी येऊ देत नाही, आणि लगेच थंड करते. वास थांबला.

तक्रारी आहेत. डकबिल व्हॉल्व्ह (ओढ धरून ठेवणारी छोटी मऊ झडप) अडीच महिन्यांत सैल झाला आणि ओढ निम्म्यावर आली. मला वाटलं माझंच दूध आटलं, दोन दिवस अळीव आणि शतावरीचा मारा केला. कस्टमर केअरने अकरा दिवस उत्तर दिलं नाही. व्हॉल्व्हची जोडी साडेतीनशेची, एक जादा घेऊनच ठेवा. पावसाळ्यात नळ्यांमध्ये वाफ धरते. दूध काढून झालं की फक्त नळ्या लावून पंप पाच मिनिटं चालू ठेवा, नाहीतर काळी बुरशी धरते. माझी एक जोडी तशीच फेकावी लागली. बॅटरी सुरुवातीला पाच-सहा वेळा पुरायची, आता तीन वेळा.

सध्या ऑफिसात एकदाच पंप करते. धाकटा वरण-भात, नाचणीचं सत्त्व खातो आणि दूध वाटीने पितो. नणंदेला आठवा लागलाय, तिने पंप मागितलाय. फनेल, व्हॉल्व्ह, नळ्या नवीन घेऊन फक्त मोटर तिला देणार आहे. माझा पंप बंद पद्धतीचा आहे, दूध मोटरपर्यंत जात नाही, म्हणून. रविवारी ती आली की आधी हाताने कसं काढायचं ते दाखवेन. चमचाही तिच्याबरोबर देतेय.